कपाटात पडून असलेले चित्रपट या मुलांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने विचारलं होतं, की दुसऱ्यांच्या चित्रपटांवर शेरेबाजी करणाऱ्या मुलांना टीव्हीवर कोण घेणार, आणि का घ्यावं? हा प्रश्न आमच्या घरातलाच आहे. माझा पुतण्या आणि त्याच्या दोन मैत्रिणी पुण्यात वारज्याला एका खोलीत हेच काम करतात. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, कारण आवाज घुमतो. दोन माइक, एक लॅपटॉप. जुना, फसलेला चित्रपट लावायचा आणि तो चालू असताना तिघांनी बोलत राहायचं. मुंबईच्या एका चॅनलने त्यांना भेटायला बोलावलं. चहा झाला, कौतुक झालं, मग प्रश्न आला, ‘या चित्रपटांचे हक्क तुमच्याकडे आहेत का?’ नव्हते. पोरं परत आली. रात्री पुतण्याचा मला फोन, ‘काकू, हे कधी होणारच नाही का?’

होतं. मी ज्या शहरात अडतीस वर्षं राहते, तिथेच ते झालेलं मी पाहिलं, म्हणून हे पत्र.

1988 च्या ऑगस्टमध्ये मी खटाव तालुक्यातून थेट मिनिआपोलिसला आले. यजमान विद्यापीठात, रात्री दहापर्यंत प्रयोगशाळेत. मला इंग्रजी वाचता येत होतं, पण दुकानातली बाई काय बोलते ते कळायचं नाही. घरात एक जुना टीव्ही आणि त्याला गोल तारेचा अँटेना होता. त्या तारेवर 23 नंबरचं केटीएमए नावाचं एक स्थानिक स्टेशन यायचं. कुस्त्या आणि जुने चित्रपट दाखवणारं, गरीब. त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिथे मला एक अजब गोष्ट दिसली. राक्षसांचा एक रद्दड चित्रपट चालू होता, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात खुर्च्यांच्या रांगेत एक माणूस आणि त्याचे यंत्रमानव सावलीसारखे पाठमोरे बसून चित्रपटाशी बोलत होते.

शब्द कळले नाहीत. पण काय चाललंय ते मात्र त्याच क्षणी कळलं, कारण ते मी पुसेगावला पाहिलं होतं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचे तंबू लागत. मार्गशीर्षातली थंडी, अंगावर घोंगडी, ओच्यात शेंगा. रीळ बदलायला मशीन थांबलं, की आमचे तात्या उठून उभे राहत आणि मागच्या प्रसंगाचा हिशेब मांडत. पुढे चित्रपट सुरू झाला तरी त्यांचं तोंड बंद होत नसे. एकदा खलनायक एका बारक्या झाडामागे लपला. तात्या ओरडले, ‘आरं, झाड लई बारीक हाय, दिसतंय!’ सगळा तंबू हसला. दुसऱ्या दिवशी तोच चित्रपट पुन्हा बघायला माणसं आली आणि तात्या कुठे बसलेत ते शोधून त्यांच्या शेजारी बसली. तंबूवाल्याने त्यांना हाकललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून तिकीटही घेतलं नाही.

मिनिआपोलिसमधल्या त्या कार्यक्रमाचं नाव ‘मिस्टरी सायन्स थिएटर 3000’. त्याचा पहिला भाग 24 नोव्हेंबर 1988 ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लागला होता, हे मला फार नंतर समजलं. जोएल हॉजसन हा विनोदी कलाकार मोठ्या शहरांतली कामं सोडून इथे परत आला होता. जिम मॅलन त्या स्टेशनवर निर्मितीचं काम बघायचा. यंत्रमानव घरातल्या-बाजारातल्या वस्तूंचे: एकाची चोच म्हणजे बोलिंगची पिन, दुसऱ्याचं डोकं म्हणजे गोळ्या विकायच्या यंत्राचा काचेचा गोळा. तेव्हा बोलणंही बरंचसं आयत्या वेळचं असे. ते पडद्यावर फोन नंबर द्यायचे आणि लोक उत्तरयंत्रावर निरोप ठेवायचे. मीही एकदा फोन लावला. काय बोलायचं ते वहीत लिहून ठेवलं होतं. ‘आय अंडरस्टूड टुडे’, एवढंच म्हणाले आणि ठेवला. या देशात मी परक्या माणसाशी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

आता त्या वाचकाच्या प्रश्नाकडे येते. या लोकांना टीव्ही मिळाला, कारण चित्रपट स्टेशनच्याच संग्रहात होते. ते दाखवायचा हक्क स्टेशनने आधीच घेतलेला होता, आणि नुसते दाखवले तर कोणी बघत नव्हतं. त्या पडीक जमिनीत या पोरांनी पेरलं. विनोद चांगला होताच. पण चांगला विनोद शंभर जणांकडे असतो. दाखवता येईल असा चित्रपट एकाच्याही हातात नसतो.

पुढे स्टेशन आर्थिक अडचणीत आलं. यांनी आपल्या भागांमधले तुकडे जोडून एक नमुन्याची टेप केली आणि ती घेऊन गेले. 1989 च्या नोव्हेंबरपासून कॉमेडी चॅनल या नव्या केबल वाहिनीने त्यांना घेतलं. त्या वाहिनीला तासन् तास भरायचे होते आणि यांचा एकेक भाग दोन-दोन तासांचा. तीच वाहिनी पुढे कॉमेडी सेंट्रल झाली. 1993 सालचा पीबडी हा टीव्ही-रेडिओतला मानाचा पुरस्कारही या कार्यक्रमाला मिळाला. एक गोष्ट मला विशेष वाटते, की हे लोक न्यूयॉर्कला राहायला गेले नाहीत. शेवटपर्यंत आमच्या शेजारच्या ईडन प्रेरी या उपनगरात बसून त्यांनी काम केलं. 1996 मध्ये कॉमेडी सेंट्रलने बंद केलं, प्रेक्षकांनी पत्रं लिहिली, 1997 ला साय-फाय चॅनलने घेतलं, 1999 ला तेही संपलं.

आणि इथेच पुतण्याने नीट ऐकावं असं मला वाटतं. चित्रपटाचा हक्क ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली, की तुमचा भाग कितीही गाजलेला असो, पुन्हा दाखवता येत नाही. तुमचं बोलणं तुमचं, पण ते ज्याच्यावर उभं आहे ते भाड्याचं. या कार्यक्रमाचा दहावा डीव्हीडी संच 2006 मध्ये बाजारात आला आणि त्यातल्या एका चित्रपटाच्या हक्कांमुळे मागे घ्यावा लागला. पूर्वी तर ते भागाच्या शेवटी लिहायचे, टेपा एकमेकांना देत राहा.

त्यांच्यातल्याच माइक नेल्सनने 2006 साली ‘रिफट्रॅक्स’ सुरू केलं; केविन मर्फी आणि बिल कॉर्बेट त्याच्या जोडीला. त्यांनी काढलेली युक्ती मी पुतण्याला दोनदा समजावून सांगितली. ते चित्रपट विकतच नव्हते, फक्त आपला आवाज विकत होते. चित्रपटाची डीव्हीडी तुम्ही तुमची आणायची, आवाजाची फाइल त्याच्या जोडीला सुरू करायची. ताळमेळ बसलाय की नाही ते कळावं म्हणून मध्येमध्ये एक यांत्रिक आवाज चित्रपटातलीच एखादी ओळ बोलतो. त्यामुळे ज्या मोठ्या चित्रपटांचा हक्क त्यांना जन्मात मिळाला नसता, त्यांच्यावरही ते बोलू शकले. पण अशी वस्तू टीव्हीवर कशी दाखवणार? टीव्हीला चित्र लागतं.

मग 2013 मध्ये त्यांनी लोकांकडे पैसे मागितले. एक गाजलेला, तरुण मुलींचा लाडका चित्रपट चित्रपटगृहात लावून त्यावर थेट बोलायचं होतं. मागितले 55 हजार डॉलर, जमले अडीच लाखांच्या वर. तरी तो चित्रपट मिळाला नाही. त्यांना दुसऱ्यावर भागवावं लागलं. पैसा हातात असूनही मालक नाही म्हणू शकतो.

आणि 2014 च्या 1 एप्रिलला नॅशनल जिओग्राफिक चॅनलने या तिघांना बोलावलं. तासातासाचे तीन भाग, ‘टोटल रिफ ऑफ’ नावाने. चित्र कुठलं? चॅनलचेच प्राण्यांवरचे माहितीपट. कुणाची परवानगी मागायची नाही, कुणाला भाडं द्यायचं नाही. मी आणि यजमान, दोघांनी जेवणाची ताटं टीव्हीसमोर घेतली होती. ज्या चॅनलचा तो गंभीर आवाज आम्ही वर्षानुवर्षं ऐकला, त्याच चॅनलने आपली फिरकी घेऊ दिली, याचं मला फार अप्रूप वाटलं. म्हणजे बघा, 1988 च्या गरीब स्टेशनपासून 2014 च्या श्रीमंत चॅनलपर्यंत दार उघडलं ते एकाच किल्लीने. कपाट चॅनलचं, तोंड या पोरांचं.

त्या वाचकाचा दुसरा आक्षेप मला लागला. ते म्हणतात, यात कलाकारांच्या मेहनतीचा अपमान आहे. मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली. पुस्तकं आणि फिती धूळ खाऊन कशा मरतात ते जवळून पाहिलंय. एक उदाहरण देते. टेक्ससमधल्या एल पासोच्या एका खतविक्रेत्याने 1966 मध्ये ‘मॅनोस: द हँड्स ऑफ फेट’ नावाचा चित्रपट काढला. इतका वाईट, की जग तो पार विसरलं. 1993 मध्ये या मंडळींनी त्याच्यावर भाग केला आणि तो घराघरांत पोचला. पुढे 2011 मध्ये त्याच्या संकलनासाठी वापरलेली मूळ फिल्म एका हौशी माणसाला सापडली, लोकांनी वर्गणी काढली, आणि साफसूफ केलेली प्रत 2015 मध्ये ब्लू-रेवर आली. कुणी हसलं नसतं, तर ती डबी कुणी उघडली असती?

मात्र हसण्यात दुष्टपणा नको, हे मी पुतण्याला बजावते. नटीच्या रंगावर, जाडीवर बोललात तर मी ऐकणार नाही. तात्या कधी कुणाच्या रूपावर बोलले नाहीत. ते झाडाच्या जाडीवर बोलले.

आपल्याकडे प्रेक्षकांना हे रुचणार नाही असं म्हणणाऱ्यांनी ‘चला हवा येऊ द्या’ आठवावा. झी मराठीवर 2014 पासून दहा वर्षं निलेश साबळे, भाऊ कदम, श्रेया बुगडे आणि मंडळी चित्रपटांची सोंगं काढत होती आणि त्याच चित्रपटांतले कलाकार समोर सोफ्यावर बसून डोळे पुसत हसत होते. तिथे चित्रपटवाल्यांना जाहिरात मिळत होती, म्हणून ते राजी होते. तीस वर्षांपूर्वी पडलेल्या चित्रपटाला जाहिरात नको असते. म्हणून त्याच्यासाठी दुसरी वाट शोधायला हवी.

कायद्याचं थोडं सांगते. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क साठ वर्षं टिकतो. म्हणजे 1960 साली लागलेला चित्रपट 2020 च्या अखेरीस मोकळा झाला. पण गाण्यांचं तसं नाही. गीतकार आणि संगीतकार यांच्या निधनानंतरची साठ वर्षं वेगळी मोजावी लागतात. त्यामुळे चित्रपट मोकळा आणि त्यातली गाणी बांधलेली, असं होऊ शकतं. शिवाय कृतीची मोडतोड करून मान घालवला असं लेखकाला वाटलं, तर कलम 57 खाली तो दाद मागू शकतो. समीक्षेसाठी कलम 52 मध्ये सवलत आहे, पण पूर्ण चित्रपट दाखवून त्यावर बोलत बसणं त्या सवलतीत बसेलच, असं धरून चालू नये. इथे अमेरिकेत 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विडंबनाच्या बाजूने मोठा निकाल दिला, तरी या मंडळींनी टीव्हीसाठी रीतसर हक्क घेऊनच काम केलं.

2015 मध्ये जोएल हॉजसनने जुना कार्यक्रम परत आणायचा ठरवला तेव्हा 48 हजारांहून अधिक लोकांनी मिळून 57 लाख डॉलरच्या वर दिले. त्यात आमचे शंभर होते. नेटफ्लिक्सने 2017 आणि 2018 मध्ये भाग दाखवले, 2019 मध्ये नको म्हणाले. 2021 मध्ये लोकांनी पुन्हा पैसे दिले आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःचं ऑनलाइन थिएटरच उघडलं. सदतीस-अडतीस वर्षांत किती चॅनल आले नि गेले. पण कार्यक्रमाच्या नावाची मालकी एकदाही चॅनलच्या हातात गेली नाही, म्हणूनच ते दुसऱ्या दारात जाऊन उभे राहू शकले. पुतण्याने सही करताना हे पहिलं बघावं.

मराठी चॅनल चालवणाऱ्या मंडळींना, ही ओळ कुणी वाचत असेल तर, माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे घाऊक घेतलेले, हक्क शिल्लक असलेले आणि वर्षानुवर्षं न लावलेले मराठी चित्रपट असतील. गाजलेल्या चित्रपटाबरोबर जोडीने घ्यावे लागलेले. ते दुपारच्या किंवा रात्री उशिराच्या वेळेत या मुलांना द्या.

पुतण्याला सांगितलंय, पुढच्या भेटीत विनोद करून दाखवू नकोस. जाताना कोरी वही ने. त्यांना विचार, ‘तुमच्याकडे असे कुठले चित्रपट आहेत, जे तुमचे आहेत आणि तुम्ही लावत नाही?’ ते नावं सांगतील तशी लिहून घे, आणि त्यातलं सगळ्यात पडलेलं नाव निवड. पहिला भाग लागेल त्या दिवशी मी पुण्यात असेन.

आपली,
एक वाचक, मिनिआपोलिस
(मूळ खटाव तालुका, जि. सातारा)