तक्रार लिफ्ट अडकल्याची नाही, रजिस्टरातल्या ‘ओके’ची आहे

प्रति,
व्यवस्थापक, लिफ्ट देखभाल विभाग

विषय : लाईट गेल्यावर लिफ्ट मध्येच अडकल्याबाबत व खोट्या नोंदींबाबत

महोदय,

खानापूर रोडवर, उद्यमबागेजवळच्या नऊ मजली ऑफिस बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. दोन्ही लिफ्टचं वार्षिक कंत्राट तुमच्याकडे आहे. त्यातला माझा वाटा मी 18 टक्के जीएसटीसकट वेळेवर भरतो.

20 जुलैला दुपारी साडेतीनला लाईट गेली. जुलैच्या पावसात बेळगावात लाईट जाते, त्याबद्दल मी कुणाला पत्र लिहिणार नाही. पण त्या वेळी येळ्ळूरचे एक 72 वर्षांचे शेतकरी माझ्याकडे यायला निघाले होते. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये ते 35 मिनिटं अंधारात उभे होते. आतल्या सूचना कन्नड आणि इंग्रजीत. काकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आकडे वाचून त्यांनी स्टिकरवरच्या तुमच्या नंबरला मोबाईल लावला. तुमचा माणूस इंग्रजीत युनिट नंबर विचारत राहिला. जिन्यात उभं राहून आम्हाला काकांचा आवाज ऐकू येत होता, “नंबर कसला ओ, मी आत अडकलोय की!”

दार उघडायची किल्ली वॉचमनकडे नाही. मेकॅनिक हुबळीहून निघाला, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर. शेवटी लाईट आली तेव्हाच काका सुटले.

तुमचं उत्तर आलं : वीजपुरवठा खंडित झाल्यानं लिफ्ट थांबली, कंपनीचा दोष नाही. अहो, वीज गेल्यावर बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यापर्यंत नेऊन दार उघडायचं, यासाठीच तर एआरडी बसवलेलं असतं! संध्याकाळी तुमच्याच मेकॅनिकनं त्या एआरडीचा डबा उघडला. बॅटरी पोट फुगून बसलेली, वरचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा. आणि रजिस्टरात दर महिन्याला ‘एआरडी टेस्ट – ओके’. मार्च, एप्रिल, मे या तिन्ही महिन्यांच्या सह्या तर एकाच पेनानं, एकाच बैठकीत केल्यासारख्या. ही टेस्ट करायची तर लिफ्टचा मेन सप्लाय बंद करावा लागतो. तसं कुणी केलेलं वॉचमननं एकदाही पाहिलेलं नाही. उद्यमबागेत मशीनचे सुटे भाग करणारे माझे एक अशील तो डबा बघून म्हणाले, “आमच्याकडं असा चेकिंग रिपोर्ट दिला तर दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतील.”

दोन्ही लिफ्टच्या बॅटऱ्या बदला आणि आमच्यासमोर मेन सप्लाय पाडून टेस्ट करून दाखवा. वॉचमनला किल्ली द्या, सुटका कशी करायची ते शिकवा. आत मराठीतही सूचना लावा, आणि बेळगावचा फोन आला तर मराठी समजणारं कुणीतरी असू द्या. शिवाय त्या ‘ओके’ कुणी आणि कशाच्या आधारावर लिहिल्या, याचं लेखी उत्तर हवं. बाकी सगळं केलंत आणि हे टाळलंत, तर माझी तक्रार मिटली असं समजू नका.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर कर्नाटकाच्या 2012 च्या लिफ्ट कायद्याखाली विद्युत निरीक्षकांकडे अर्ज करीन. रजिस्टराच्या पानांचे आणि बॅटरीचे फोटो माझ्याकडे आहेत.

येळ्ळूरचे काका त्यानंतर वर आलेले नाहीत. कागद वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतात, मी जिन्यानं उतरून घेऊन येतो.

कळावे.

आपला,
सहाव्या मजल्यावरील गाळेधारक