सुईणीचे काम नाळ कापून संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुईण म्हटले की आजही बाळंतपण एवढेच डोळ्यांपुढे येते. नीट शिकलेली, हाताशी औषधे आणि अधिकार असलेली सुईण लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या, माता-बालकांच्या जवळपास ९० टक्के गरजा भागवू शकते, असे २०२१ च्या जागतिक अहवालात म्हटले आहे. औषधे आणि अधिकार हे शब्द मात्र वाचताना निसटतात.

पाळणा लांबवण्याचेच पाहा. बाळ अंगावर पीत नसेल तर बाळंतिणीला चौथ्या आठवड्यातही पुन्हा दिवस जाऊ शकतात, पाळी येण्याच्या आधीच. म्हणून ‘पाळी आली की दाखवायला या’ हा सल्ला धोक्याचा. अंगावर पाजण्याचा आधार मिळतो तोही तीन अटींवर: बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी आलेली नाही आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचेच दूध. वरची बाटली सुरू झाली की भरवसा संपला. ती बाटली घरी जाणाऱ्या सुईणीलाच दिसते.

तांबी, म्हणजे गर्भपिशवीत बसवायचे गर्भनिरोधक साधन, बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवावी, नाहीतर चार आठवड्यांनंतर. लवकर बसवलेली निसटण्याचा संभव थोडा जास्त, हे बाईला आधीच सांगावे. नंतर बसवताना पिशवी पुढे झुकली आहे की मागे, हे हाताने तपासल्याशिवाय काहीही आत घालू नये. झुकाव चुकला तर पिशवीला भोक पडू शकते. मग सळईने पिशवीची खोली मोजून, तांबी ज्या नळीतून आत घालतात त्या नळीवरची खूण त्या मापावर आणायची. तांबीचे हात नळीत दुमडून पाच मिनिटांहून जास्त ठेवायचे नाहीत, नाहीतर ते पुरते उघडत नाहीत. ती पिशवीच्या टोकापर्यंत पोचली नाही, तर खाली सरकते.

तीन महिने दिवस न राहण्यासाठीच्या इंजेक्शनचेही तसेच. टोचल्यावर जागा चोळू नये, औषध लवकर शोषले जाऊन असर आधी ओसरतो. आठ दिवस उशीर झाला म्हणून बाईला परत पाठवणे चूक आहे. चार आठवड्यांपर्यंतचा उशीर चालतो. पाळी थांबेल हे आधी सांगितले नाही, तर ‘रक्त आत साचतंय’ या भीतीने ती पुढच्या वेळी येतच नाही. साचत काही नसते, पिशवीचे अस्तरच पातळ राहते.

गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सिफिलिस या गुप्तरोगाची झटपट चाचणी सुईण करते. दोष आढळला तर बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन तिनेच, त्याच भेटीत, औषधाची जीवघेणी ॲलर्जी उठलीच तर हाताशी असावे म्हणून ॲड्रेनलिन जवळ ठेवून द्यायला हवे. चाचणी तिची आणि सुई दुसऱ्याची, अशी वाटणी झाली की बाई चिठ्ठी घेऊन घरी जाते आणि आजार पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. आमचा सगळा राग या चिठ्ठीवर आहे.

सुईणीच्या मर्यादा आम्हाला ठाऊक आहेत. रक्तदाब १४०/९० वर असेल तर दोन संप्रेरकांच्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्या नकोत. ओटीपोटात दुखून ताप आणि घाण वासाचे पाणी जात असेल तर तांबी नको, आधी उपचार. अशा वेळी फोन उचलणारा डॉक्टर हवा. बाकीसाठी तांबी, इंजेक्शने, गोळ्या, निरोध आणि पेनिसिलिन सुईणीच्या पेटीत असावे आणि ते देण्याचा लेखी अधिकार तिच्या नावावर.

आपल्या,
प्रशिक्षित सुईणी