रविवारचं व्याख्यान सहाऐवजी पाचला

सभासदहो,

येत्या रविवारी दांडिया बाजारातल्या नेहमीच्याच हॉलात, पण सायंकाळी पाचला. विषय: न्यूयॉर्कचं 'हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी', म्हणजे हाडा-सांध्यांचं रुग्णालय. डॉ. जेम्स नाइट यांनी ते १८६३ मध्ये राहत्या घरी २८ खाटांवर सुरू केलं. गंमत म्हणजे त्यांचा भरवसा पट्ट्यांवर आणि आधारांवर, शस्त्रक्रियेला विरोधच! १८८७ मध्ये व्हर्जिल गिबनी प्रमुख झाले, मग चाकूही चालू लागला आणि तरुण सर्जनांचं प्रशिक्षणही. वक्ते आपलेच एक निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ सभासद.

- लिफ्ट बंद आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवावं, मदतीला दोघं खाली थांबतील.
- स्वतःचे एक्स-रे आणू नयेत. मागच्या वेळी खिडकीपाशी फिल्म धरून रांग लागली आणि चहा गार झाला.

– कार्यवाह