चार पाऊण तीन

मालवण,
शुक्रवार, १० एप्रिल २०२६

ती. आई आणि बाबा यांना सा. नमस्कार.

आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन आठवडे झालेत, तेव्हा हे पत्र तूच त्यांना वाचून दाखवायचं आहेस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोनवर सांगायचं मनात होतं, पण सोमवारचं बोलायला लागले की माझा गळा दाटतो आणि तिकडून दादा घाबरून विचारतो, काय झालं म्हणून. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आधी तुझं काम सांगते. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार यंदा २९ मार्चला होता. आदल्या दिवशी सकाळी चर्चमधून दोन मुलगे आले आणि ओट्याखाली उभं राहून म्हणाले, "काकू पुण्याक गेली, पण माड हत मां?" पाडेल्याला बोलावलं. तो विहिरीकडच्या माडावर चढला आणि तू द्यायचीस तशाच कोवळ्या झावळ्या काढून दिल्या. रात्री चर्चच्या पडवीत बसून बायकांनी पात्यांचे क्रूस विणले. मीही चार विणले, त्यातला एक तुझ्या देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवलाय. तू दरवर्षी ठेवायचीस ना.

आणि एक गोष्ट मला इतकी वर्षं इथे राहून, इथेच शिकवूनही यंदाच लक्षात आली. राखेच्या बुधवारी फादर कपाळाला जी राख लावतात ती गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. १८ फेब्रुवारीला पहिल्या तासाला मी सातवीत हजेरी घेत होते. समोर दहा-बारा पोरांच्या कपाळावर राखेचा क्रूस, आणि ती राख तू पुण्याला जायच्या आधी काढून दिलेल्या झावळ्यांची. हजेरी तिथेच थांबली. पोरं म्हणाली, "टीचर, पुढचा नंबर?"

बाकी शाळेचं नेहमीचंच. दहावीची परीक्षा १८ मार्चला संपली, लगेच दुसऱ्या दिवशी पाडवा. त्याच दिवशी, १९ मार्चला, संत जोसेफचा सण. सकाळी घरी गुढी उभारली, संध्याकाळी सिस्टरांकडे श्रीखंड घेऊन गेले. उपवासकाळात त्यांनी स्वतःपुरतं गोड सोडलं होतं, म्हणून बोर्डिंगच्या मुलींना वाटलं. मुलींनी भांडं घासूनपुसून परत दिलं.

बाबा, आता तुमच्याकडे येते.

यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला आणि गुड फ्रायडे ३ एप्रिलला. स्टाफरूममध्ये नव्या सर-टीचरना याचं आश्चर्य वाटत होतं. मी म्हटलं, यात आश्चर्य कसलं? २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि त्यानंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून गुड फ्रायडेच्या मागेपुढे पौर्णिमा असायचीच, एखाद्या वर्षी होळीची, एरवी बहुधा चैत्रातली. २०२४ साली होळीनंतर आठवडाभरात ईस्टर आला होता. "चंद्र एकच, पंचांगं दोन," हे तुमचं वाक्य मी तुमच्याच आवाजात म्हटलं बहुतेक, कारण कोपऱ्यातले ड्रॉइंगचे सर एकदम म्हणाले, "हे आपल्या सरांचं!" तेही तुमचेच विद्यार्थी, विसरला नसालच.

तर सोमवार. ईस्टरसाठी गावी आलेल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचने ६ तारखेला शाळेत मेळावा ठेवला. तीस वर्षं झाली त्यांना. संध्याकाळच्या कोकणकन्येने परत जायचं म्हणून सकाळी नऊलाच सगळे हजर. एकाने जुना फोटो आणला होता, पुण्याहून बिशप भेटीला आले होते तेव्हाचा, म्हणजे २००५ मध्ये आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा व्हायच्या बराच आधीचा. त्यात तुम्ही मागे उभे आहात, हातात गुंडाळलेला नकाशा. फोटोसाठीसुद्धा खाली ठेवला नाहीत.

घंटेचे मामा जानेवारीत गेले ते तुम्हाला कळवलंच होतं. त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो. मग कुणीतरी म्हणालं, मामांसारखी घंटा द्या. तीन सावकाश आणि दोन भरभर. एका बाईने दिली, मुंबईत शाळेत शिकवते ती. बरोब्बर तशीच दिली.

बोर्डिंगला असलेली ती घाटावरची मुलगी आठवते, आई? पहिल्या पावसात रडून रडून आजारी पडली होती, तू डोक्याला खोबरेल लावून वेणी घालून द्यायचीस ती? आता सिस्टर झालीय, नर्सिंग शिकलीय, झारखंडात एका खेड्यात दवाखाना सांभाळते. आल्या आल्या तिने विचारलं, "काकूंचा विहिरीकडचा माड आहे ना अजून?" मी तिला घरी घेऊन आले. माडाला हात लावून थोडा वेळ उभी राहिली, मग एक शहाळं मागून घेतलं. तुझ्यासाठी एक जपमाळ देऊन गेलीय, कुणी पुण्याला येणारं भेटलं की पाठवते.

सगळंच गोड नव्हतं. पाचवीला मराठी माध्यमात मुलं येत नाहीत हे सिस्टरांनी भाषणात सरळ सांगितलं. त्यावर मागच्या बाकावरून एक जण उठून म्हणाला, "आमचीच पोरं आम्ही इंग्रजीत घातली, आता कुणाला बोलणार?" कुणी काही बोललं नाही. मला त्याचा राग आला नाही. तो खरं बोलला, आणि नुसतं बोलून बसला नाही, तिथल्या तिथे वाचनालयाच्या कपाटांसाठी पैसे काढून दिले. तरी वर्गातली रिकामी बाकं कपाटांनी भरत नाहीत.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

तुमचा तो दांडीबहाद्दर, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या दिवशी हमखास गैरहजर असायचा तो, आता स्वतःच रापणकर, जेवणं झाल्यावर पायरीवरच्या फळ्यासमोर येऊन उभा राहिला. फळ्यावर फीची सूचना होती. मला म्हणाला, "बाय, हय सर तिथी लिवत." मी हो म्हटलं. २००९ साली तुम्ही निवृत्त झालात आणि ते बंद पडलं. त्याने डोळे मिटून बोटं मोजली. "आज चवथ. चार पाऊण तीन. तीनाक भरती पुरी."

बाबा, मी हे लहानपणी रोज ऐकलंय. तिथीला पाऊणने गुणा की पूर्ण भरतीची वेळ. पण इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून, तेही ज्याला तुम्ही पाऊणकीच्या पाढ्यासाठी रोज उभं करायचात त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला काही सुचेना. तेवढ्यात त्यांच्याच बॅचमधला, मर्चंट नेव्हीत असलेला एक जण पुढे झाला. म्हणाला, चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, भरतीही त्याच्या मागून तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, इतकं जवळचं गणित आमच्या वाडवडिलांनी बोटांवर बसवलं. जहाजावर त्याच्यापुढे भरती-ओहोटीची छापील कोष्टकं असतात. तरी नव्या बंदरात शिरताना तो आधी मनातल्या मनात पाऊणकी म्हणतो आणि मग कोष्टक उघडतो.

मग सगळेच उठले. दोन वाजता भर उन्हात चिवल्याच्या किनाऱ्यावर, कोट घातलेले, भरजरी साड्या नेसलेल्या, चपला हातात. सिस्टरही आल्या. रापणकराने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. लाट काठीच्या बोटभर अलीकडे थांबायची. मग टेकली. मग काठीच्या बुडाभोवती वाळू खचून छोटा खड्डा पडला, त्यात पाणी फिरायला लागलं. कुणी बोलत नव्हतं. पुढची लाट ओलांडून हातभर वर आली, ओल्या वाळूवर फेसाची रेघ सोडून गेली, आणि त्यानंतरची एकही लाट त्या रेघेपर्यंत पोचली नाही. घड्याळात दोन पस्तीस. नेव्हीवाला म्हणाला, पंचवीस मिनिटांचा फरक. रापणकर म्हणाला, "सर सांगत, ह्या गणित दर्यावर्द्याचा, घड्याळजीचा न्हय. अर्धो तास हडे-थडे." आणि मला विचारलं, "सर बरे आसत मां?"

मी नुसती मान हलवली, बाबा. ऑपरेशनचं नंतर सांगितलं.

तुम्ही पुण्याला जाताना म्हणाला होतात, नकाशे रद्दीत घाला, आता त्यांचं कुणाला काम नाही. मी घातले नाहीत. माळ्यावर नळकांड्यात आहेत, वाळवी लागलेली नाही, कालच पाहिले.

निघताना सगळ्यांनी मिळून ठरवलं, फळा पुन्हा सुरू करायचा. फीची सूचना ऑफिसच्या दाराला गेली. मंगळवारपासून सातवीच्या मुली पाळीपाळीने लिहितात. आज लिहिलं होतं: चैत्र वद्य अष्टमी. भरती ६. भांग. भांग म्हणजे उधाणाच्या उलट, लहान भरती. अक्षर तिरकं, पण आठ पाऊण सहा बरोबर. रोज जाता-येता कोळीवाड्यातली एखादी बाई थांबून वाचते, हे मी स्वतः पाहिलंय.

आज जिची पाळी होती तिने मधल्या सुट्टीत मला अडवलं. "टीचर, सहा म्हणजे सकाळी की संध्याकाळी?" मी म्हटलं, दोन्ही. ती गेली, परत आली. "पण चंद्र तर एकाच बाजूला असतो. मग पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला भरती कशी येते?" मी मराठीची शिक्षिका. अर्धं सांगितलं, तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नाही. तिला म्हटलं, उत्तर पुण्याहून येईल.

डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली नसली तरी बोलायची आहे. तुम्ही सांगा, आई लिहून घेईल. ती सोमवारी मला पुन्हा विचारणार आहे.

तुमची,
लेक