शांघायच्या डॉक्टर मावशींना

आदरणीय डॉक्टर मावशी,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. तुमचे आभार मला माझ्या माणसांसमोर मानायचे आहेत. शिवाय मनगटाच्या दुखण्याने रात्री जागणाऱ्या कुणाला तुमची पद्धत कळली, तर बरंच होईल.

माझा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सुन्न पडायची. पहाटे मुंग्यांनी जाग यायची, हात झटकला की जरा बरं वाटायचं. कणीक मळणं तर सुटलंच होतं. ऑफिसमधल्या मैत्रिणीने चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात तुमच्याकडे आणलं, तेव्हा मला वाटलं होतं, बसल्या बसल्या सुया टोचाल. तुम्ही दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिलीत, जीभ पाहिलीत, करंगळीला मुंग्या येतात का हे दोनदा विचारलंत आणि त्याच इमारतीत नर्व्ह कंडक्शन टेस्टला, म्हणजे नसेतून संदेश कसा जातो ते पाहणाऱ्या तपासणीला, पाठवलंत. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि मीडियन नस जाते, सूज आली की ती नस चेपते, आणि करंगळीची नस वेगळी असते, हे मला तिथे समजलं. अंगठ्याच्या बुडाचं मांस दाबून पाहत तुम्ही म्हणालात, "हे झिजायला लागलं, तर माझ्या सुयांवर थांबायचं नाही. सर्जनकडे जायचं." मावशी, सगळ्यात मोठे आभार या वाक्याचे.

मग सुया. एक मनगटाच्या घडीच्या मधोमध, तालिंग नावाच्या बिंदूवर. दुसरी तिथून दोन त्सुन वर, नेइक्वान या बिंदूवर. एक त्सुन म्हणजे एका अंगठ्याची रुंदी, आणि हे अंतर माझ्याच अंगठ्याने मोजलेलं! सुई शिरताना टोचलं थोडंच, पण आत जडपणा पसरत मधल्या बोटापर्यंत गेला. मोक्साची, म्हणजे शेक द्यायला पेटवलेल्या वाळक्या वनस्पतीची, कांडी जवळ आणताना तुम्ही आपली दोन बोटं माझ्या त्वचेवर टेकवून धरायचात. माझ्या सुन्न हाताला चटका कळला नसता, म्हणून ऊब तुम्ही तुमच्या बोटांनी मापत होतात. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. जोतिबाला वाहतात तो दवणा, इतक्या दूर, दुखऱ्या मनगटावर धुरत होता.

मी सोलापूरची म्हटल्यावर तुम्ही लगेच आमच्या सोलापूरच्याच डॉ. कोटणीसांचं चिनी नाव घेतलंत, ख दीहुआ. 1938 साली त्यांच्याबरोबर चीनमध्ये आलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले डॉ. बसू पुढे अॅक्युपंक्चर शिकून ते भारतात घेऊन गेले, हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही किती खुललात!

रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायलाच हवा, असा तुमचा आग्रह होता. सुयांचं श्रेय सुयांपुरतंच ठेवलंत. ते योग्यच होतं, कारण संशोधन अजून एकमुखाने बोलत नाही. 2017 साली अमेरिकेत याच दुखण्याच्या 80 रुग्णांच्या अभ्यासात खऱ्या सुयांनी नसेतला संदेश सुधारला, पण त्रास नकली सुयांनीही कमी झाला. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्याने तर एकूण पुरावाच कमकुवत ठरवला. मला मात्र झोप परत मिळाली. फार टायपिंग झालं की बोटं अजून कुरकुरतात, पट्टा चालूच आहे.

दिवाळीत सोलापूरला जातेय. आईचे दोन्ही हात असेच सुन्न पडतात आणि ती तेल चोळत बसते. तिला आधी टेस्टला नेणार आहे. रिपोर्ट आला की तुम्हाला पाठवते, बघाल ना?

तुमची आभारी,
सोलापूरची पेशंट