आयर्लंडला राष्ट्रभाषा आहे. पुढे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हिंदी दिन जवळ आला की ‘हिंदी आपली राष्ट्रभाषा’ असं एखादं पत्र आपल्या सदरात हमखास येतं आणि पाठोपाठ त्याला खोडून काढणारी चार. खोडून काढणाऱ्यांचं बरोबरच असतं. घटनेच्या कलम 343 नुसार हिंदी संघराज्याची राजभाषा आहे; राष्ट्रभाषा म्हणून घटनेत कुठल्याच भाषेचं नाव नाही. पण एवढं सुनावलं की आपण मराठीवाले बाजी मारल्यासारखे गप्प बसतो, ते मला खटकतं.

ज्यांच्या घटनेत राष्ट्रभाषा आहे, त्यांचं काय झालं तेही पाहावं. माझी मुलगी डब्लिनला असते, त्यामुळे तिथे जाणं-येणं होतं. आयर्लंडच्या 1937 च्या घटनेत आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली राजभाषा आहे, इंग्रजी दुसरी. रस्त्यावरच्या पाट्यांवर आयरिश, पासपोर्टवर आयरिश, पंतप्रधानांच्या पदाचं नाव आयरिश. बसमध्ये शेजारी बसलेली माणसं मात्र आपसात इंग्रजीच बोलतात. शाळेत वर्षानुवर्षं हा विषय सक्तीचा, तरी मोठेपणी काय आठवतं म्हणून विचारलं की बरेच जण हसून एकच वाक्य म्हणून दाखवतात: ‘बाई, मी शौचालयाला जाऊ का?’ वर्गात ते आयरिशमध्ये विचारल्याशिवाय सोडत नसत ना!

2022 च्या जनगणनेत सुमारे पावणे एकोणीस लाख लोकांनी ‘आम्हाला आयरिश येते’ असं लिहिलं. शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे निघाले जेमतेम 72 हजार. या तफावतीला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. इंग्रजांच्या राजवटीत शाळा इंग्रजी झाल्या, 1845 पासूनच्या दुष्काळात आयरिश बोलणारी गरीब गावंच्या गावं मेली किंवा बोटीत बसून अमेरिकेला गेली. एवढं होऊनही त्यांच्या नातवंडा-पतवंडांना ही भाषा आपली म्हणावीशी वाटते, यात अस्मितेचा मोठा भाग आहे. फक्त अस्मितेने भाषा घरात बोलली जात नाही, आणि घटनेतल्या कलमाने तर नाहीच नाही.

तिथे आशा वाटावी अशी गोष्ट सरकारी शिक्क्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी दिसली. गेल्या पन्नासेक वर्षांत तिथे आयरिश माध्यमाच्या शाळा वाढत गेल्या, त्याही बऱ्याचदा पालकांनीच पुढाकार घेऊन काढलेल्या. गणितही आयरिशमध्ये, मधल्या सुट्टीतलं भांडणही आयरिशमध्ये. मुलं पाठवणारे बहुतेक पालक घरी इंग्रजी बोलणारे. स्वतःला धड येत नाही, पण पोराला यावी म्हणून धडपडणारे.

आपल्याकडे गंगा उलटी वाहते. घरात मराठी, आजी-आजोबा मराठी, आणि पोरगं इंग्रजी माध्यमात. (माझ्या घरातही तेच झालं, तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाही.) 1964 चा राजभाषा अधिनियम झाला, 2020 मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला, 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जाही मिळाला. पेढे वाटले, ठीकच केलं. पण विषय म्हणून सक्तीची मराठी म्हणजे आयर्लंडचीच वाट. दहावीला मार्क मिळतील आणि पुढे वाक्य एकच आठवेल. भाषा खरी टिकते ती माध्यमाच्या शाळेत, आणि मुंबईत पालिकेच्या मराठी शाळांना पटाअभावी कुलपं लागत आहेत.

तेव्हा आपल्या दैनिकाला एक विनंती. राष्ट्रभाषेच्या वादावरची पत्रं यंदा थोडी कमी छापा. त्या जागेत मुंबई-ठाण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांची विभागवार यादी द्या: कोणत्या चालू, कोणत्या बंद, पहिलीचा पट किती, इंग्रजी विषय नीट शिकवणारे शिक्षक आहेत की नाहीत. प्रवेशाच्या आधी, जानेवारीत दिलीत तर एखाद्या पालकाला उपयोगी तरी पडेल.

आपला,
एक वाचक, डोंबिवली