व्हायोलिनसोबत वाजलेला ट्रम्पेट हाही जॅझच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जॅझवर चक्क पानभर मजकूर बघून खूप आनंद झाला, मराठी पेपरात या संगीताला एवढी जागा क्वचितच मिळते. पण त्यात जाता जाता असं म्हटलं होतं की ट्रम्पेटच्या मागे व्हायोलिनचा ताफा बसवून केलेल्या रोमँटिक रेकॉर्ड म्हणजे कंपन्यांचा निव्वळ धंदा, खरा जॅझ त्यात नाहीच. हे मला अजिबात पटलेलं नाही.

लेखकांनी एकदा ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊनची ‘क्लिफर्ड ब्राऊन विथ स्ट्रिंग्ज’ ही रेकॉर्ड निवांत ऐकावी एवढीच माझी विनंती आहे. जानेवारी १९५५ मधलं न्यूयॉर्कमधलं रेकॉर्डिंग, एमआर्सी कंपनीचं, ब्राऊन तेव्हा फक्त २४ वर्षांचा. मागे पियानोवर रिची पॉवेल, बासवर जॉर्ज मॉरो आणि ड्रम्सवर मॅक्स रोच, म्हणजे त्याच्या रोजच्या बँडमधलीच माणसं, गिटारला बॅरी गॅलब्रेथ, आणि या सगळ्यांभोवती व्हायोलिन-व्हिओला-चेलो. संयोजन नील हेफ्टीचं. हा काउंट बेसीच्या मोठ्या जॅझ बँडसाठी लिहिणारा माणूस आणि मुळात स्वतः ट्रम्पेटवाला, त्यामुळे वाजवणाऱ्याला श्वास कुठे लागणार हे त्याला पक्कं ठाऊक. काही ठिकाणी त्याच्या व्हायोलिन जरा जास्तच गोड होतात हे मीही मान्य करते, पण ट्रम्पेटच्या आड त्या येत नाहीत.

आता मुद्दा असा की बारा गाणी आहेत आणि प्रत्येक साधारण तीन मिनिटांचं. मागचं सगळं कागदावर लिहिलेलं, त्यामुळे मनात आलं म्हणून अजून दोन आवर्तनं घेतो असं करताच येत नाही. ज्या ब्राऊनचा वेग ऐकून लोक थक्क व्हायचे तो इथे मूळ चाल जवळजवळ जशीच्या तशी वाजवतो, ओळ संपताना एखादी छोटी मुरकी आणि पुन्हा चालीवर. मग त्याच्या हातात उरतं काय, तर स्वराचा पोत, श्वास, कंप, आणि तालाच्या किंचित मागे राहून स्वर ठेवण्याची जागा. लेखकांना यात जॅझ दिसला नाही, मला तर सगळा जॅझ त्या किंचित मागे राहण्यातच दिसतो. आपल्याकडेही टाळ्या तानेला पडतात पण गवय्याची परीक्षा विलंबितातल्या षड्जावरच होते ना, तसंच आहे हे.

आणि ट्रम्पेट हे फार निर्दय वाद्य आहे हो. बोटांनी दाबायच्या कळा तीनच, एकाच बोटांवर कितीतरी वेगवेगळे स्वर निघतात आणि त्यातला कोणता निघणार हे ठरवतात ओठ आणि हवेचा दाब. जोरात वाजवताना निदान हवेचा आधार तरी असतो, पण हळू आवाजात खालून वर लांब उडी मारायची म्हणजे ओठ जरा जरी चुकले की स्वर फाटतो नाहीतर भलताच लागतो. याच रेकॉर्डवरच्या ‘स्टारडस्ट’ची चाल तर अशा उड्यांनीच भरलेली आहे. त्या जागा हेडफोन लावून ऐका, वरचा स्वर येतो तो कुठेही धक्का न लागता, आधी साधा सरळ आणि मग शेवटाकडे हळूहळू कंप घेत. मागे व्हायोलिनचा सपाट लांब स्वर चालू असताना तर बारीकशी चूकही लपत नाही, त्यामुळे व्हायोलिन आले म्हणून काम सोपं झालं असं कुणी म्हणत असेल तर ते उलटं आहे.

धंद्याचं म्हणाल तर हो, असा माल त्या काळात भरपूर निघाला. टीव्हीवरचा विनोदी नट जॅकी ग्लीसन याच्या नावाने निघालेल्या ‘म्युझिक फॉर लव्हर्स ओन्ली’ने जबरदस्त खप केला, पण त्यावर सुद्धा वाजवणारा बॉबी हॅकेट आहे आणि त्याची एकेक ओळ काय सुंदर आहे! ट्रम्पेटवाल्या चेट बेकरची व्हायोलिनसोबतची, १९५४ मध्ये निघालेली रेकॉर्ड पूर्ण वेगळी, त्याचा आवाज बारीक, कंप जवळजवळ नाहीच, समोर बसून हळू बोलल्यासारखा. त्याच्याही आधी सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करने हे केलं होतं, त्याच्यावरही हाच आरोप झाला, पण व्हायोलिनसोबत वाजवायची इच्छा पार्करची स्वतःची होती. आणि ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसने १९८४ मध्ये ‘हॉट हाऊस फ्लॉवर्स’ केली, ती या परंपरेचा मान ठेवूनच, त्यातही ‘स्टारडस्ट’ आहेच.

ब्राऊनला मात्र पुढे वेळच मिळाला नाही. २६ जून १९५६ च्या रात्री पावसात पेनसिल्व्हेनियाच्या हायवेवर गाडीचा अपघात झाला, तो, रिची पॉवेल आणि पॉवेलची बायको नॅन्सी तिघंही गेले. पंचविशीतला मुलगा, ना दारू ना ड्रग्ज, त्या काळातल्या जॅझवाल्यांमध्ये हे विशेषच. बॅलडच्या, म्हणजे संथ भावगीतासारख्या गाण्यांच्या, या तीन-तीन मिनिटांना दुय्यम म्हटलं की मला त्रास होतो तो यामुळेही, मुळात त्याचं रेकॉर्डिंग मोजकंच आहे.

अजून एक. आपले कान या आवाजाला नवखे नाहीत. मुंबईच्या स्टुडिओत गोव्याचे वादक हेच तर करत होते, रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्मच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या पुढे ट्रम्पेट. सी. रामचंद्रांसोबत काम केलेला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट निदान नावाने तरी लोकांना माहीत आहे, बाकी कित्येकांची नावं रेकॉर्डवर छापलीसुद्धा गेली नाहीत. तुमच्या पुरवणीने पुढचं पान त्यांच्यावर करावं, त्या काळात स्टुडिओत वाजवलेली किंवा त्यांना वाजवताना पाहिलेली जी माणसं आज आहेत त्यांच्याशी कुणीतरी लवकर जाऊन बोलावं, आणि त्यात बॅलडविषयी नक्की विचारावं.

– एक नियमित वाचक, नाशिक